घोंगड्याचा सायलेंसर

काशाप्पाचं लगीन सायलेंसरवर अडकलंतं. आरं हासायलात काय, खरंच! कुणाचं हुंड्यावर अडकतंय, कुणाचं मानपानावर. ह्या गड्याचं मोटारीच्या बुडाखालच्या धुराच्या नळीवर अडकलं आन तितंच लोंबकळत ऱ्हायलं.

झालतं असं. हुलसूरचे हावगेप्पा अण्णा मंजी तूर-करडीचे आडते. गळ्यात लिंग, डोस्क्यावर जरीचा रुमाल, आन नवीन चीज दिसली की हात शिवशिवायचेच. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज गेलं, कल्याणीकडचा एक जहागीरदार सामानसुमान इकून हैद्राबादला निघाला, तवा त्याची काळी मोटार अण्णानं उचलून आणली. आणली खरी, पर चालवणार कोण? अण्णाच्या दुकानावर काशाप्पा पोती उचलायचा. जहागीरदाराच्या डायवरनं जाता जाता त्यालाच हँडल मारायला, गेर टाकायला शिकवलं, आन पोती उचलणारा काशाप्पा एकदम डायवर झाला. गावातली माणसं त्याला "काय डायवरसाब" मनायली. हा गडी झोपंत बी पायानं बिरेक दाबायचा!

काशाप्पाचं घराणं पयल्यापासनं मेंढरांमागं फिरणाऱ्याचं. बाप गेला, मेंढरं गेली, आता आई अंबुबाई आन हा. पर कोहिनूरला त्याचा मामा सिद्धाप्पा, त्याच्याकडं अजून बी मेंढवाडा व्हता, आन मामाची पोरगी सुगंधा. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागतंय का? लहानपणीच अंबुबाईनं सुगंधाच्या हातात हिरव्या बांगड्या घातल्यात्या. सगळं ठरल्यातच जमा व्हतं.

आन मंग ह्यानं मोटार मिरवायला नेली कोहिनूरला.

वाटंत एक ओढा लागतो. ओढ्यातल्या धोंड्यावर मोटारीचं बूड असं आपटलं, असं आपटलं, की सायलेंसर तुटून पाण्यात पडला. त्याच्याबिगर मोटार कशी वरडती ठावं हाय का? पोटात वाघ कोंडल्यावाणी! आन हा येडा तशीच हाणत मामाच्या मेंढवाड्याच्या अंगावरनं गेला, मामाला हात करत. मेंढ्या गाभण व्हत्या. काट्याच्या कुपावरनं उड्या मारून पळाल्या, एकीचा पाय मोडला. मामा काठी घेऊन मोटारीमागं धावला तर ह्याला वाटलं, मामा आनंदानं पळायलाय.

त्यानंतर मामानं शब्दच टाकला. अंबुबाईला तोंडावर मनला, "अंबू, ऐक. ज्या दिवशी ती मोटार माझ्या वाड्याच्या अंगावरनं जाईल आन एक बी मेंढी बिथरणार न्हाई, त्या दिवशी पोरगी तुझ्या घरात. न्हाईतर अफजलपूरकडच्या करजगीचं स्थळ आलंय. सोमवारी बगायला येणारेत."

"दादा, मोटार हाय ती, मांजर हाय का?" अंबुबाई मनली.

"मंग मांजर करून आणा!" मामा मनला आन काठी आपटून गेला.

आता सांगा, काशाप्पाला झोप लागंल का?

त्यानं अण्णाच्या पायावर डोस्कंच ठेवलं. अण्णाला बी चुटपुट लागलीती, कारण त्या आवाजापायी गावातल्या बाया त्याच्या मोटारीला "सासूबाई" मनायल्यात्या. अण्णा हैद्राबादला गेले आन जुन्या बाजाराच्या कुठल्याशा गल्लीतनं सायलेंसर घेऊन आले. पोत्यात गुंडाळलेला. पोतं सोडलं, काय सांगू, चांदीवाणी चमकायला! काशाप्पानं त्याला छातीशी धरलं. सोडलं तवा सदऱ्यावर चांदी आलती.

"अण्णा, रंग निघायलाय हो ह्याचा."

"आरं नवा हाय, ओला असंल. दुकानदार मनला, सब गाड्यां कू बैठता सेठ, आंख मूंद के लेके जाव."

"तुमी मिटले का मंग डोळे?"

"गप. बसव."

अण्णाच्या दारात मोटार जॅकवर चढवली, खाली धोंडे लावले, काशाप्पा पोतं आंथरून बुडाखाली घुसला. ओट्यावर अण्णाची आई रुद्रम्मा पानाचा डबा घेऊन बसलीती. म्हातारी हुमनाबादकडची, कानडीच जास्ती, मराठी आपली मोडकीतोडकी. अर्धं गाव तिला अव्वा मनायचं. तिची एक सवय व्हती, कुठली बी गोष्ट पटली, ठरली, की हात झटकून मनायची, "आगली!" कानडीत आगली मंजी होऊ द्या, बरं हाय. भाजीत मीठ कमी असलं तरी आगली, सुनंनं माहेरी जाऊ का इचारलं तरी आगली.

तर काशाप्पा आतनं वरडायला, "अण्णा! मोटारीकडं तीन बोल्ट हायेत, ह्याला भोकं दोनच!"

"दोनावरच बसव."

"ती दोन बी जुळंनात! एक हितं हाय तर दुसरं बिदरला!"

भोक लोहाराकडनं वाढवून आणलं. वाढवलं तर काठच चिरला, पत्रा पापडावाणी पातळ. तोंड वाकडं, ते ठोकून सरळ केलं, तर सांधा उसवला. शेवटाला कसंबसं बोल्टात अडकवलं, तर मागची नळी इतभर कमी! मधी मोकळंच. काशाप्पा खाली उताणा पडून त्या मोकळ्या जागंकडं बगत ऱ्हायला. डोळ्यात गंजाची माती पडायली, डोळ्यातनं पाणी यायलं, ते मातीनं का कशानं, ते त्यालाच ठावं.

"रडायलास का रं?" अण्णानं खाली वाकून इचारलं.

"न्हाई. गंज पडला."

"नव्या सायलेंसरमधनं गंज कामून पडतो?"

"तुमच्या दुकानदाराला इचारा, डोळे मिटून!"

घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून मधल्या जागंवर गुंडाळला, तारंनं आवळला. फटी बुजवायला अव्वानं चुना, गूळ आन उडदाचं पीठ मळून दिलं. तिच्या माहेरचं देऊळ त्याच्यानंच सांधलंय मनं. काशाप्पानं कोपरापर्यंत हात भरून लिंपलं. वाळू दिलं. हँडल मारलं.

मोटार सुरू झाली, आन काय ती शांतता! अण्णानं मिशीला पीळ घातला, अव्वा मनली, "आगली!" आन तेवढ्यात आतनं फाऽट! सगळा चुना-गूळ अण्णाच्या धोतरावर. मागनं परत वाघ.

काशाप्पा खालीच बसला. सोमवारला एकच दिवस मधी व्हता. त्याच्या डोळ्यापुढं सुगंधा करजगीला निघालेली दिसायली, हातात त्याच्या आईच्याच बांगड्या.

तवा अंबुबाई पुढं झाली. ती इतका येळ कमरंवर हात ठेवून बगायली व्हती. घरी गेली आन खांद्यावर जुनं घोंगडं टाकून आली.

"आई, थंडी वाजायली का?"

"गप ऱ्हा, डायवर. आभाळ फुटल्यावाणी गडगडतं तवा मेंढक्या काय करतो? घोंगडं डोस्क्यावर घेतो. आवाज आत येतो का? न्हाई येत. मंग आतला भाईर कसा जाईल?"

अण्णानं तिच्याकडं बगितलं, काशाप्पानं अण्णाकडं बगितलं. घोंगडं उभं फाडलं, पाण्यात बुचकळलं, आन नळीला, सांध्याला, त्या चांदीच्या सायलेंसरला बी असं गुंडाळलं जसं मोडलेल्या पायाला पट्टी. वरनं तार. हँडल मारलं. हुर्र… हुर्र… हुर्र. बस्स! ओट्यावरच्या कोंबड्या बी हालल्या न्हाईत. काशाप्पानं आईला उचलून गरकन फिरवलं, ती पाठीत गुद्दे घालायली तरी सोडंना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. पुढं काशाप्पा आन अण्णा, मागं अंबुबाई आन अव्वा. लगीन ठरवायला जाणत्या माणसाचं तोंड पायजे मनून अव्वाला घेतलीती. मोटारीत मधोमध पाण्याची घागर, कारण घोंगडं वाळलं की जळणार, हे काशाप्पाला कळत व्हतं. ओढा आला की थांबायचं, इहीर दिसली की थांबायचं, खाली घुसायचं, घोंगड्यावर पाणी मारायचं. वाफ निघायची, वल्ल्या मेंढराचा वास सुटायचा, अव्वा नाकाला पदर लावायची. "ह्याला मोटार मनावं का म्हैस? दर पाण्याला थांबायलीय," अण्णा मनायचे. कल्याणी मागं पडली. कोहिनूरची झाडं दिसायली, पांढरीवरची घरं दिसायली, मामाचा मेंढवाडा दिसायला, आन काशाप्पाच्या छातीत असं धडधडायलं की तेच इंजनापेक्षा मोठं. त्या धडधडीत तो शेवटचा ओढा आला कवा आन गेला कवा, कळलंच न्हाई. पाणी मारायचं ऱ्हायलं.

मामा वाड्याच्या तोंडाला उभा, काठीवर दोनी हात, हातावर हनुवटी. मागं सारी भावकी. करजगीवाले उद्या येणार, आज हे बगू, मनून गाव जमलंतं. सुगंधा कमरंवर घागर घेऊन बाभळीखाली उभी. घागर भरलेली, तरी घराकडं जायना!

काशाप्पानं हळूच गेर टाकला.  मोटार वाड्याच्या कुपाला घासून निघाली. हुर्र… हुर्र… मेंढ्या बसल्यात्या रवंथ करत. एकीनं कान हालवला. काशाप्पाचा पाय बिरेकवर गेला. माशी व्हती! मेंढीनं डोळे मिटले, परत रवंथ. मोटार पार ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत गेली आन एक, एक बी मेंढी हालली न्हाई!

काशाप्पा मोटार थांबवून खाली उतरला, मागनं अंबुबाई बी. इंजन मुद्दाम चालूच ठेवलं, ऐका मनावं.  मामा आला. मोटारीभोवती फिरला. बॉनेटला कान लावला. चाकाला काठी टोचली.

"चालू हाय का ही?" मामानं इचारलं.

"चालू हाय मामा," काशाप्पा मनला.

अव्वानं मागच्या खिडकीतनं डोस्कं भाईर काढलं. "सिद्धाप्पा! शब्दाचा माणूस हाईस का कसा?"

मामानं सुगंधाकडं बगितलं, अंबुबाईकडं बगितलं, रुमाल काढून घाम पुसला. मंग मनला, "शब्द मंजी शब्द, अव्वा. दिली पोरगी."

अव्वा खुशीत येऊन दोनी हात झटकून मोठ्यांदी वरडली, "आगली! आगली!"

आन ठीक त्याच टायमाला बुडाखालनं धूर निघाला. घोंगडं वाळून चरचरायलंतं. जळक्या लोकरीचा तो वास! मेंढक्याच्या नाकाला दुसरा कुठला वास इतका झोंबत न्हाई. मंजी वाडा पेटला! मामाच्या नाकात वास, डोळ्यापुढं धूर, आन कानात अव्वाची आरोळी. मामाला कानडी येत न्हाई असं न्हाई, पर रझाकाराच्या वर्षी घरं पेटली तवा गावागावात एकच हाक ऐकलीती ना सगळ्यांनी. अव्वाचं "आगली" मामाच्या कानात पोचेपर्यंत "आग लगी" झालं!

"आग लगी! पळा! आग लगी!" मामानं बोंब ठोकली, सुगंधाच्या कमरंवरची घागर हिसकली आन धाडकन मोटारीखाली फेकली. मंग काय! कुणी हंडा आणायलंय, कुणी लिंबाचा डगळा मोडायलंय, कुणी पत्र्यावर काठ्या बडवायलंय. "आग लगी, आग लगी!" तापल्या सायलेंसरवर थंडगार पाणी पडलं, फुस्स करून वाफंचा ढग उठला, आन ती चांदी मधनं तडकली. सांधा सुटला, घोंगड्यासकट सगळं लोढणं मातीत पडलं. मोटार चालूच व्हती. तिनं तोंड उघडलं! वाऽघ!

मेंढरं उठली. वाड्याचं कूप मोडून, माणसांच्या पायातनं, एकामागं एक, पांढऱ्या-काळ्या पुरावाणी सुटली ती थेट ज्वारी कापलेल्या रानात. आन त्या रानाच्या टोकाला इहीर. बिनकठड्याची. मेंढराची जात तुमाला ठावं हाय, पुढचं पडलं की मागचं इचार करत न्हाई.

"इहीर! आरं इहीर!" मामाचा आवाज फाटला. काठी घेऊन पळायला, पर माणूस पळून मेंढराच्या पुढं जातो का?

काशाप्पा एका उडीत मोटारीत. अंबुबाई खाली उतरलीती, पर अव्वा आन अण्णा आतच! मोटार उसळली ती बांधावरनं सरळ रानात. मामा बाजूनं पळायला, काशाप्पा वरडला, "मामा, चढा!" आन मामा काठीसकट फुटबोर्डावर! एका हातानं खिडकी धरली, रुमाल वाऱ्यावर.

"उजवीकडनं घे! उजवीकडनं!" मामा वरडायला. "त्यांच्या पुढं काढ!"

"ढेकळं हायेत मामा!"

"हायेत तर हायेत! तू डायवर हाईस का पोतं?"

"निल्सो! थांबव रे!" मागं अव्वा सीटवरनं छताला, छतावरनं सीटला. "माझा पानाचा डबा!"

ढेकळावरनं उडत, धसकटं मोडत मोटार मेंढरांच्या बाजूनं निघाली. पुढं पांढरी थोराड मेंढी, तिच्यामागं सगळ्या. इहीर आता इतकी जवळ की आतले पारवे उडालेले दिसले. काशाप्पानं पाय पार दाबला. मोटार पुढं गेली, आन इहिरीच्या आन मेंढराच्या मधी त्यानं ती आडवी घातली. बिरेक! अण्णाचं डोस्कं काचंला. धूळच धूळ.

"वरडायला लाव तिला!" मामा मनला. "लाव! लाव!"

काशाप्पानं जागच्या जागी इंजन असं फुगवलं की रानच्या रान हादरलं. फाट्! धडाड्! थोराड मेंढी गपकन थांबली. तोंड फिरवलं. मागच्या तिच्यावर आदळल्या, वळल्या, आन सगळा कळप माघारी! काशाप्पा मागनं, एकदा डावीकडनं एक डरकाळी, एकदा उजवीकडनं. मामा फुटबोर्डावर उभा ऱ्हाऊन "हुर्रऽ हाऽ, हुर्रऽ हाऽ" करायला. बापजाद्यांनी कुत्रं घेऊन जे केलं ते हा गडी मोटार घेऊन करायला! भावकीनं तोंडात बोटं घातली, वाड्याचं तोंड मोकळं केलं, आन मेंढरं धापा टाकत आत.

काशाप्पानं इंजन बंद केलं. एकदम शांत. अण्णा कपाळ धरून उतरले. अव्वाला भावकीतल्या दोघींनी धरून उतरवलं.

मामा फुटबोर्डावरनं उतरला. वाड्यात गेला, एकेक मेंढीच्या पोटावरनं हात फिरवला, पाय बगितले. काशाप्पा दारात उभा. मामा भाईर आला, खाली मान घालून.

"मेंढरं नीट हायेत," तो मनला. "पर बिथरली. मी शब्द काय टाकलता, एक बी मेंढी बिथरणार न्हाई. ह्या तर सगळ्या…"

"सिद्धाप्पा, आरं…" अण्णा मनायले, पर मामानं हात वर केला.

"अप्पा."

बाभळीखालनं आवाज आला. सुगंधाचा. चारचौघात ती कवा बोलली न्हवती. पदर कमरंला खोचलेला, लुगडं वल्लं.

"अप्पा, मोटार वाड्यावरनं गेली तवा कुठली मेंढी उठली?"

"तवा न्हाई, पर मंग…"

"मंग मोटार हुबी व्हती. मेंढरं उठली ती तुमच्या बोंबंनं. पयली घागर कुणी फेकली? आन ती बी माझ्या कमरंवरची!"

कुणीतरी मागनं फिस्सकन हासलं. मामा भडकला, "आग लागली मनल्यावर काय फुलं फेकू? अव्वा वरडली की, आग लगी!"

"नानू?" अव्वानं छातीला हात लावला. "मी? मी आगली मनले! आगली! होऊ द्या मनले! तू पोरगी दिलास, मी बरं मनले, आन तू आमच्यावर हंडे फेकलास!"

 पयल्यांदा अंबुबाईला कळलं. ती खालीच बसली आन पोट धरून हासायली. मंग अण्णा, कपाळावर टेंगूळ घेऊन. मंग सारी भावकी. मामा मधी उभा, मिशा थरथरायल्या, आन शेवटाला त्याचं बी तोंड फाकलं.

"म्हातारे," तो मनला, "लगीन ठरल्यावर माणसानं मराठीत वरडावं!"

काशाप्पाला अजून हासू येईना. त्यानं हळूच इचारलं, "मामा, मंग… दिली का?"

मामानं त्याला वरपासनं खालपर्यंत बगितलं. धुळीनं भरलेला, कानाला काजळी, सदऱ्यावर अजून ती चांदी.

"इहिरीपुढं मोटार आडवी घातलीस," मामा मनला. "तुझी मोटार सरकली असती तर?"

"मेंढरं तर ऱ्हायली असती."

मामा वळला, मोटारीचं पुढचं दार उघडलं आन अण्णाच्या जागंवर जाऊन बसला. काठी दोन पायात, रुमाल नीट बांधला.

"चल, गावात. चावडीपुढनं ने. लगीन ठरलं मनून सगळ्यास्नी सांगायचंय."

"मामा, सायलेंसर पडलाय. लई वरडती ती."

"आरं वरडू दे की! मला वरडावं लागणार न्हाई."

काशाप्पानं हँडल मारलं. घाईत हँडल दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा मोटारीनं अशी डरकाळी फोडली की बाभळीवरचे होले उडाले. तो आत बसला, पर गेर काय पडंना, कारण बाभळीखाली सुगंधा दोनी कानावर हात ठेवून त्याच्याकडंच बगून हासायली व्हती.

मामानं काठीनं पत्र्यावर टक् टक् केलं. "कामून थांबलास रं? हाण की!"